दुसऱ्या फोटोआधी पेढा नाही

वाघोलीच्या चौकात ज्याची गाडी कधी अडकली आहे त्याला माहीत असेल, तिथे माणसाला वाचायला भरपूर वेळ मिळतो. मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघाले होते, वाघोलीच्या पुढच्या एका कॉलेजात व्याख्यान द्यायला. म्हणजे अर्धा दिवस गेलाच समजा. पुढे टँकर, मागे टँकर, आणि समोर फ्लेक्सची भिंत. कोणा भाऊंचा वाढदिवस, कोणा दादांची निवड, कोणाच्या तरी बैलाने शर्यत जिंकलेली. आणि त्या बैलाच्या शेजारी, दुमजली घराएवढी उंच, माझी विद्यार्थिनी.

आधी वाटलं, हिच्यासारखी दिसणारी कोणी असेल. मग मजकूर वाचला. सगळ्यात वर ठळक लाल अक्षरांत तिच्या वडिलांचं नाव आणि पुढे ‘यांची सुकन्या’. मग तिचं नाव, जरा बारीक. आणि खाली, ‘नवीन ग्रहाचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. एका बाजूला कडी घातलेला शनी, दुसऱ्या बाजूला आग ओकत निघालेलं रॉकेट. तळाला शुभेच्छुकांची रांग, त्यात निम्मे गॉगल लावलेले. मी हेल्मेटच्या आत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण ग्रहबिह काही सापडला नव्हता. सापडला होता एक ठिपका.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही फ्लेक्स लावाल. मी खगोलशास्त्र शिकवते आणि करते. लोकांना वाटतं आम्ही रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो. अहो, आमची दुर्बीण दुसऱ्या देशात डोंगरावर, तिथली माणसं फोटो काढून पाठवतात आणि आम्ही इथे दहा ते सहा कॉम्प्युटरसमोर बसून मान मोडून घेतो. मध्ये दोनदा चहा. आमच्या चहावाल्याला वाटतं आम्ही बँकेत आहोत.

तर, दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह सहसा दिसत नाहीत. ताऱ्याचा उजेड जरा कमी झाला, तारा जरासा डुलला, एवढ्यावरून ओळखायचं की तिथे कोणीतरी आहे. पण थोडे तारे असे आहेत की त्यांचा झगमगाट झाकला तर बाजूचे ग्रह सरळ फोटोत येतात. आमचा तारा त्यातला. त्याचे चार ग्रह फोटोत आलेले आहेत. ते दुसऱ्यांनी शोधले, फार पूर्वी, श्रेय त्यांचं. आमचा प्रश्न वेगळा होता. त्या चौघांच्याही खूप खूप बाहेर, अंधारात, त्या ताऱ्याचा आणखी कोणी सोबती आहे का? एखादा मंद तारा, किंवा तारा होता होता राहून गेलेला गोळा? असला, तर त्याने लांबून ओढून ओढून त्या चार ग्रहांच्या वाटा वाकड्या केल्या असतील. नसला, तर ते चौघे आपापले मजेत वाढले. दोन्हींतलं काय खरं, हे कोणाला माहीत नव्हतं.

आता अडचण अशी की कुठल्याही ताऱ्याचा फोटो काढला की आजूबाजूला शेकडो ठिपके येतात. त्यातला घरचा कोण आणि परका कोण? तुळशीबागेतल्या गर्दीचा एक फोटो काढा. कोण कोणाबरोबर आलंय ते सांगता येतं का? सगळेच एकमेकांना खेटून. पण जरा वेळाने दुसरा फोटो काढा. जी माणसं मिळून पुढच्या दुकानापाशी सरकली, ती एका घरची. आमचंही तसंच. तारा आभाळात अगदी कणभर कणभर सरकत असतो. काही वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो पडद्यावर आलटून पालटून दाखवायचे. त्याला आम्ही लुकलुकवणं म्हणतो. ताऱ्याबरोबर जो ठिपका उडी मारेल तो त्याचा. जो जागेवर राहील तो मागचा, कुठला तरी, कितीतरी पट लांबचा, ह्याच्याशी काही देणंघेणं नसलेला.

म्हणून आमच्या खोलीत मी एक पाटी लावली आहे: ‘दुसऱ्या फोटोआधी पेढा नाही.’ मी पुण्याची आहे, पाटी लावल्याशिवाय नियम पक्का झाला असं मला वाटत नाही. कोणी नुसता ‘सापडलं’ हा शब्द उच्चारला तरी मी त्या पाटीकडे बोट दाखवते. मुलं मागून मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

ही मुलगी त्या पाटीखालीच बसायची. वाघोलीच्या जुन्या शेतकरी घरातली. आता वाघोलीत शेत म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, पण त्यांची जमीन चांगली होती आणि विकलीही चांगली गेली. घरात आईवडील, थोरले चुलते, त्यांची मुलं, सगळी एकत्र. वडिलांना ती तात्या म्हणते. तात्यांना मुलीचं कौतुक होतं, पण कौतुकालाही मुदत असते. एमएस्सी झाली की लग्न, असं आधी ठरलं होतं. मग पीएचडीचं एक वर्ष, मग आणखी एक. शेवटी तात्यांनी सांगून टाकलं, येत्या दिवाळीपर्यंत काय तो अभ्यास, तुळशीचं लग्न झालं की तुझं. शिरूरकडचं एक स्थळही चुलत्यांनी बघून ठेवलेलं. मुलगा चांगला होता, ही तक्रार नव्हती. पण त्यांना सून घरी हवी होती.

संक्रांतीच्या सुमाराला तिला तो ठिपका दिसला. जुन्या फोटोंच्या संग्रहातून तिने आमच्या ताऱ्याचा एक खोल, म्हणजे बराच वेळ उजेड साठवून काढलेला, फोटो उकरून काढला होता, तो साफ करता करता. ताऱ्यापासून चांगला लांब, लालसर, मंद, जसा असायला हवा अगदी तसा. मलाही तो खरा वाटला, खोटं कशाला बोलू. पण मी पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या फोटोसाठी दुर्बिणीकडे अर्ज केला. तारा तेव्हा सूर्याआड जायच्या बेतात होता, म्हणजे फोटो मिळणार तो थेट पावसाळ्यानंतर. तिने घरी जाऊन आईला एवढंच सांगितलं की काहीतरी दिसलंय, पण अजून पक्कं नाही. आईने तात्यांना सांगितलं. तात्यांनी ‘दिसलंय’ एवढं घेतलं आणि पुढचं सोडून दिलं. चुलतभावाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. आनंदाची बातमी आणि घरातच छापखाना, मग कोण थांबणार?

त्या दिवशी वाघोलीच्या चौकातूनच मी तिला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले. ती रडत होती. फ्लेक्स लागल्याचं तिलाही सकाळी बसमधूनच दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी तिला म्हटलं, आधी तो उतरव, मग पुढचं बोलू. तिने सांगितलं, की तात्यांना मी सगळं समजावलं, अजून पक्कं नाही हेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, मग होईल की पक्कं, तुझ्यावर विश्वास आहे आमचा. आणि पुतण्याला सांगून फ्लेक्स आणखी दोन हात वर चढवला.

मी म्हटलं, मी येऊन सांगते. तेव्हा तिने चहाचा कप खाली ठेवला.

“मॅडम, तो फ्लेक्स लागल्यावर तात्यांनी स्वतःहून शिरूरला फोन केला. पोरगी मोठं काम करतीय, लग्नाचं नंतर बघू म्हणाले. तो फ्लेक्स खोटा आहे, पण त्याच्यामुळेच मी इथे आहे.”

माझ्यासारख्या बाईला गप्प करणं सोपं नाही. मी दोन घोट चहा प्यायले आणि म्हटलं, दुसरा फोटो येईपर्यंत राहू दे. पाटी लावणारी मीच, आणि मीच हे म्हटलं. पण तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघून कोणीही हेच म्हटलं असतं.

मग आम्ही थांबलो. थांबणं हेच आमच्या कामातलं मोठं काम आहे, पण ते असं कोणाच्या मानेवर टांगलेलं नसतं. उन्हाळा गेला. वाघोलीला जाणारा कोणी ना कोणी मला सांगायचा, तुमच्या विद्यार्थिनीचा फ्लेक्स बघितला, वा! मी म्हणायची, हो का. पावसाळ्यात शेजारचा बैल फाटून गेला, ही मात्र टिकली. रॉकेटचा रंग उडाला, शनी फिकट पडला, तिचा चेहरा निळसर झाला, पण वरचं लाल नाव तसंच. दरम्यान तिने ठिपक्याबद्दल जे जे करता येईल ते सगळं केलं. त्याचा रंग तपासला, तेज तपासलं, आजूबाजूचे सगळे ठिपके एकेक करून पारखले आणि कटाप केले. बाकी सगळी जागा तिने झाडून पुसून घेतली. उरला तो एकटा. मी तिला बजावत होते की धुळीआडचा लांबचा ताराही असाच लाल दिसतो, फार जीव लावू नकोस. आणि घरी आल्यावर मीच देवापुढे दिवा लावताना म्हणत होते, असू दे रे बाबा. मी तशी देवाकडे फार काही मागणारी नाही.

नवरात्र संपलं आणि एका सकाळी फोटो आला. मी पोचले तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसून होती. फाइल उघडली नव्हती. तुमच्यासाठी थांबले, म्हणाली. मी पदर खोचला, खुर्ची ओढली. तिने दोन्ही फोटो मागच्या ताऱ्यांवर जुळवून घेतले, जसे जुळवतात तसे, आणि लुकलुकवायला लागली. मधला तारा, चारही ग्रह पोटात घेऊन झगमगणारा, इकडून तिकडे उडी मारायला लागला. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. छान दिसत होतं अगदी. मग तिने चित्र सरकवून ठिपका मध्ये आणला.

तो ढिम्म हलला नाही.

ती लुकलुकवत राहिली. तारा उड्या मारतोय आणि हा आपला जागेवर, बसलाय तसा. मी म्हटलं, मोजून बघ. तिने मोजलं. परत मोजलं. मागचाच होता. कुठल्या तरी धुळीच्या पडद्याआडचा, आपल्या वाटेने जाणारा साधा तारा. मला रडू आलं नाही, राग आला. त्या ठिपक्याचाच. मेल्या, तुला दुसरी जागा नव्हती का?

तिने शेवटी माउसवरून हात उचलला. माझ्याकडे न बघताच विचारलं, दिवाळी होईपर्यंत कोणाला सांगितलं नाही तर चालेल का? पेपर लिहायला तीन महिने लागतात, वाघोलीत तो कोण वाचणार आहे, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, तू ठरव. ती उठली, दोघींचे कप विसळून आली, आणि टेबलाशी उभी राहूनच म्हणाली, की नको. रोज येताजाता बसमधून तो फ्लेक्स बघावा लागतो, आणि आता तो बघवणार नाही. मग विचारलं, रविवारी घरी याल का? सांगणार मीच, पण तुम्ही या.

रविवारी मी गेले. घर म्हणजे बंगलाच, पुढे ट्रॅक्टर आणि मोठी गाडी शेजारी शेजारी. दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही. तात्या पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी थोरले चुलते, दारात आई आणि चुलती, सोफ्याच्या कडेला फ्लेक्सवाला चुलतभाऊ. चहा आला, चिवडा आला, परत चहा आला. म्याडम आल्या म्हणून तात्या इतके खूश होते की मी चिवड्याची ताटली खाली ठेवली. त्यांना वाटत होतं मी अभिनंदन करायला आले आहे. मी मनात एक छोटं भाषण जुळवून ठेवलं होतं, विज्ञानात नकाराचं महत्त्व वगैरे. ती म्हणाली, आधी दाखवते. आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला.

अख्ख्या घराने लुकलुकवणं बघितलं. तिने सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला माझ्या व्याख्यानांची लाज वाटावी. हा आपला तारा, बघा, चाललाय. याच्याबरोबर जो चालंल तो याच्या घरचा. आता हा ठिपका बघा, ज्याचा फ्लेक्स लावला तो. सगळे वाकून बघायला लागले. टीव्हीवर तारा उड्या मारत होता. सगळ्यात आधी आईला कळलं. ती दारातूनच हळू म्हणाली, “ह्यो तर जागचा हालंना.”

“हो आई,” ती म्हणाली. “ह्यो त्याचा न्हाई. आपल्याला सापडलं न्हाई.”

चुलतभावाने मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. तात्या टीव्हीकडेच बघत होते. चुलत्यांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. म्हणाले, झालं ते झालं, पोरीने कष्ट घेतले, पण आता थांबायला काही कारण राहिलं नाही. शिरूरची माणसं अजून वाट बघतात. तुळशीचं लग्न झालं की तारीख धरू. बोलण्यात कुठे टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

मग तिने मागितलं. आणखी एक वर्ष. असेच थेट फोटो असलेले आणखी तीन तारे आहेत, त्यांचे पहिले फोटो झालेत, दुसरे पुढच्या वर्षी येतील. सगळे मिळून तिचा प्रबंध होईल.

तात्यांनी पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढली. “त्यात तरी सापडंल का?”

मला वाटलं, आता हो म्हणावं. आईशप्पथ सांगते, माझ्या जिभेवर ‘नक्की’ आलं होतं. तीन तारे आहेत, एकात तरी काही निघेल, एवढं खोटं एका मुलीसाठी चालतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ती बोलली.

“ठाऊक न्हाई, तात्या. ठाऊक असतं तर शोधायचं कशाला?”

चुलते हसले. वाईट नाही, पण हसले. म्हणाले, म्हणजे परत वर्षभर बसून काही नाही हेच सांगायचं? ह्याला काम म्हणायचं का?

तिने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हिचा बांध फुटणार. पण ती ह्या घरातच वाढली होती, तिला हे घर माझ्यापेक्षा बरंच जास्त माहीत होतं. तिने शांतपणे विचारलं, की ओढ्याकडचं रान विकलं तेव्हा वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढला होता, आठवतो का? चुलते म्हणाले, आठवतो की, तीस वर्षांचं दप्तर उलटंपालटं केलं त्याने. दोन महिने लावले.

“मग काय सापडलं त्याला?”

“काय सापडायचं? कुणाचा हक्क न्हाई, बोजा न्हाई. जमीन साफ.”

“मग वकिलानं काम केलं का न्हाई?”

ती टीव्हीपाशी गेली आणि ताऱ्याभोवती बोटाने मोठा गोल काढला, पार चौकटीच्या कडेपर्यंत. एवढ्या जागेत काय आहे, हे आजपर्यंत जगात कोणाला माहीत नव्हतं, म्हणाली. ती सगळी मी तपासली. कोणी नाही. ते चार ग्रह त्या ताऱ्याने एकट्याने सांभाळलेत, बाहेरून कोणी हात लावलेला नाही. हे आता माहीत झालं आणि ते मी शोधलं. एवढं बोलून ती खाली बसली. आईने येऊन तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला.

तात्या उठले. खिडकीपाशी गेले, तिथून चौक दिसत नाही, नुसत्या इमारती दिसतात. मी माझं भाषण सुरू करणार होते, आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं. बाई हुशार. मग तात्या वळले आणि पुतण्याला म्हणाले, उद्या सकाळी तो फ्लेक्स उतरव. संपलं, असं वाटलं.

“आन् दुसरा छाप. हे आत्ता तिनं सांगितलं ते घाल त्यात. मजकूर तीच लिवंल. म्याडम तपासतील.”

शिरूरचं काय, असं चुलत्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, एक वरीस थांबतील तर थांबतील. आणि चिवड्याची ताटली माझ्यापुढे सरकवली.

पुढचा तासभर आम्ही फ्लेक्सचा मजकूर केला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शोधनिबंध तपासले, पण इतक्या लोकांनी डोक्यावर उभं राहून एकही तपासून घेतला नाही. तिने लिहिलं, ‘ताऱ्याभोवती कोणीही सोबती नाही’. मी म्हटलं, असं म्हणता येणार नाही, अगदी बारीक, आपल्या फोटोत न दिसणारा कोणी असू शकतो. ‘आम्हाला दिसू शकेल असा’ हे शब्द घाल. चुलतभाऊ म्हणाला, अक्षरं बारीक होतील. मी म्हटलं, होऊ देत. चुलते म्हणाले, एवढं कोण वाचतंय? मी म्हटलं, तुमचा वाढदिवसाचा फ्लेक्स तरी कोण वाचतं? चुलत्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला वाटलं, आता पुण्याला चालत जावं लागणार. मग तात्याच हसायला लागले, आणि मग चुलतेही. रॉकेट काढा म्हणून मी खूप वाद घातला. त्यात मात्र मी हरले.

सोमवारी दुपारी तात्यांचा माणूस संस्थेत पेढ्यांचा खोका घेऊन आला. खोक्यावर चिठ्ठी वगैरे काही नाही. माणसाने निरोप सांगितला, दुसरा फोटो झाला म्हणून. म्हणजे तिने घरी पाटीचंही सांगितलेलं दिसतं. मी ती पाटी लावली तेव्हा काही न सापडल्याचे पेढे येतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, पण नियमात बसत होतं. मी दोन खाल्ले. ती पुढच्या ताऱ्याचा पहिला फोटो उघडून बसली होती. त्यात तीन ठिपके बरे दिसतायत, म्हणाली. मी पाटीकडे बोट दाखवलं नाही, कारण ती स्वतःच तिकडे बघत होती.

दिवाळीनंतर परत त्याच कॉलेजात व्याख्यान होतं. चौकात परत अडकले, पुढे टँकर, मागे टँकर. आणि समोर नवाकोरा फ्लेक्स. रॉकेट होतंच, शनीही होता. सगळ्यात वर, ठळक लाल अक्षरांत, ह्या वेळी तिचं नाव. खाली, ‘दूरच्या ताऱ्याभोवती आम्हाला दिसू शकेल असा कोणीही सोबती नाही, हे शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, व पुढील शोधास शुभेच्छा’. एक दुचाकीवाला ते दोनदा वाचून डोकं खाजवत होता. तळाला शुभेच्छुकांची रांग, तेच गॉगल. मी तात्यांचं नाव वरती शोधत होते, कारण मागच्या वेळी ते तिथे होतं. नव्हतं. मग रांगेत शेवटी सापडलं, कोपऱ्यात, फोटोशिवाय, बारीक अक्षरांत. त्याच्यापुढे काही पद नाही, हुद्दा नाही. नुसतं ‘मुलीचे वडील’.

सिग्नल सुटला होता. मागचा टँकरवाला हॉर्न वाजवायला लागला. वाजव म्हटलं, काय वाजवायचं ते, आणि चष्मा पुसून परत एकदा वाचलं.